गुऱ्हाळात भाजलेला हात आणि चार स्प्लिंट

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते आमच्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभागात आले, तेव्हा उजवा हात डाव्या हाताच्या तळव्यावर ठेवलेला होता. मनगटाला औषधांच्या दुकानात मिळतो तसा निळा पट्टा. वय ३८, घर पन्हाळा तालुक्यात, गुऱ्हाळावर दहा-बारा हंगाम काढलेले. सोबत पत्नी. बसल्या बसल्या त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं: "मॅडम, ह्यो पट्टा एक दिवस बी काढला न्हाई. सांगितल्यागत घातलाय. तरी मूठ का वळंना?"

हे वाक्य मी इथे आधी लिहिते आहे, कारण या प्रकरणाचा अर्धा भाग त्यातच आहे. रुग्णाने ऐकलं होतं. चुकला होता तो पट्टा.

घडलं होतं ते डिसेंबरच्या मध्यात. काहिलीतला रस गुळाला आला की त्याचं तापमान ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उकळतं पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं. पाक जिथे पडतो तिथे चिकटतो आणि आतली उष्णता कातडीत मुरत राहते. वाफ्यात पाक ओतताना त्यांचा पाय सरकला, काहील हिंदकळली आणि पाक उजव्या हातावर आला. त्या क्षणी त्यांनी काहिलीची कडी घट्ट धरली होती, म्हणून तळवा वाचला आणि हाताची पाठ उघडी सापडली. गुऱ्हाळावर भाजलेले जे हात मी पाहिले, त्यांत पाठच जास्त भाजलेली असते. त्याचं कारण हेच असावं.

जवळच्या एका दवाखान्यात तीन आठवडे ड्रेसिंग झालं. चारही बोटं एकत्र गुंडाळलेली, मनगट खाली पडलेलं, हात गळ्यात. जखम भरेना म्हणून २४ व्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात मांडीची पातळ त्वचा काढून हाताच्या पाठीवर बसवली. ती छान धरली. घरी पाठवताना चिठ्ठीवर 'कॉक-अप स्प्लिंट' (मनगट मागे वळवून धरणारा आधार) असे दोन शब्द लिहिले गेले आणि तो पट्टा विकत घेतला गेला. भाजल्यापासून आमच्याकडे येईपर्यंत सात आठवडे झाले होते.

पहिल्या दिवशी काय दिसलं

पट्टा काढण्याआधी मी तो हातावरच नीट पाहिला. आतली ॲल्युमिनियमची पट्टी तळव्यावरची पुढची आडवी घडी ओलांडून बोटांच्या मुळांपर्यंत गेली होती. तुम्ही आत्ता स्वतःचा तळवा पाहा. मूठ वळताना बोटं जिथून मोडतात ती जागा म्हणजे ही घडी. स्प्लिंट तिच्या अलीकडे थांबला पाहिजे, आणि तोही सरळ रेषेत नाही तर तिरपा, कारण तर्जनीच्या बाजूने घडी पुढे आहे आणि करंगळीच्या बाजूने मागे. यांचा पट्टा सरळ आणि लांब होता. म्हणजे सव्वातीन आठवडे त्याने मनगट धरलं आणि त्याच वेळी बोटांची मुळंही सरळ धरून ठेवली. त्या हातात जे व्हायला नको होतं, नेमकं तेच हा माणूस मनोभावे करत राहिला.

पट्टा काढल्यावर हाताची जी ठेवण दिसली, ती भाजलेल्या हातावर काम करणारा कुणीही लांबून ओळखेल. बोटांची मुळं, ज्यांना आम्ही एमसीपी सांधे म्हणतो, ताठ आणि थोडी मागे झुकलेली. मधले सांधे, म्हणजे पीआयपी, वाकलेले. अंगठा तर्जनीला चिकटून. तळव्याचा खोलगटपणा गेलेला, हात चपटा. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून मी स्वतः वाकवून पाहिलं तेव्हा एमसीपी सांधे तर्जनीत ३०, मधल्या बोटात २५, अनामिकेत २० आणि करंगळीत १५ अंशांपर्यंत वाकत होते. निरोगी हातात हा आकडा ९० च्या घरात असतो. मधले सांधे पूर्ण सरळ व्हायला तर्जनीत १५, मधल्या बोटात २० आणि अनामिकेत ४० अंश कमी पडत होते. करंगळीची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे. पकडीची ताकद उजवीकडे ४ किलो, डावीकडे ३२.

यानंतर दोन चाचण्या केल्या. त्या झाल्याशिवाय मी स्प्लिंटच्या शीटला हात लावत नाही.

पहिली, आखडलंय नेमकं काय? मनगट मागे वळवून धरलं की मधल्या बोटाचं मूळ २५ अंशांपर्यंत जात होतं. मनगट पुढे पाडलं की तेच १० वर अडकत होतं. मनगटाच्या स्थितीने फरक पडतो याचा अर्थ हाताच्या पाठीवरची नवी त्वचा आणि तिच्याखालचे स्नायुबंध कमी पडताहेत. पण मनगट मागे असतानाही २५ च्या पुढे जात नव्हतं, म्हणजे सांध्याचे अस्थिबंधही आखडले होते. दोन्ही होतं.

दुसरी चाचणी हाताला जाणवते, आकड्यात धरता येत नाही. बोट शेवटपर्यंत वाकवल्यावर ते लाकडासारखं थांबतं की थोडं दबून परत येतं? त्यांचं दबून परत येत होतं. अशा सांध्याला स्प्लिंटने फायदा होतो. लाकडासारखा थांबणारा सांधा असता तर मी त्यांना तेव्हाच शस्त्रक्रियेसाठी परत पाठवलं असतं, महिनाभर रबरं ओढत बसवलं नसतं.

आणखी एक नोंद मी लाल शाईने केली होती: बसवलेल्या त्वचेला स्पर्श कळत नाही. कापसाने, पेनाच्या टोकाने, कशानेच नाही. ही नोंद करूनही मी पुढे चुकले.

हात असाच का आखडतो

हाताच्या पाठीची कातडी सैल असते. मूठ वळताना ती ताणली जावी म्हणूनच ती सैल दिलेली आहे. भाजल्यावर सूज येते, तिचं पाणी आधी या सैल जागेत साचतं आणि कातडीचा राखीव ताणा तिथेच खर्ची पडतो. मग बोटांची मुळं वाकायला कातडी उरत नाही, ती ताठ होतात. मुळं ताठ झाली की पुढचे सांधे आपोआप वाकतात, कारण बोटं वाकवणारे लांब स्नायुबंध तणावात येतात. रुग्णाने काही केलेलं नसतं. हात दुखतो, तो जिथे कमी दुखेल तिथे ठेवला जातो, आणि ती नेमकी वाईट जागा असते.

आता सांध्याचं बघू. एमसीपी सांध्यात हाडाचं डोकं पूर्ण गोल नाही, तळव्याकडच्या बाजूने रुंद आहे. बोट सरळ असताना बाजूचे अस्थिबंध ढिले असतात, बोट वाकलं की ते त्या रुंद भागावरून ताणले जातात. तीन आठवडे बोट सरळ ठेवलं तर ढिले अस्थिबंध ढिल्या लांबीतच आखडतात आणि पुढे वाकूच देत नाहीत. मधल्या सांध्यात बरोबर उलट: तिथे वाकलेल्या स्थितीत तळव्याकडची पट्टी आखडते, म्हणून तो सांधा सरळ ठेवायचा. एडिंबर्गचे अस्थिशल्यविशारद जे. आय. पी. जेम्स यांनी १९७० च्या सुमारास हाताची जी सुरक्षित स्थिती सांगितली, ती यातूनच येते: मनगट २० ते ३० अंश मागे, बोटांची मुळं ७० ते ९० अंश वाकलेली, पुढचे दोन्ही सांधे सरळ, अंगठा तळव्यापासून पुढे उघडा. दिसायला ही स्थिती अवघडलेली वाटते, म्हणून नातेवाईक घाबरतात आणि बँडेज सैल करतात. पण इथून सुटलेला हात कामाला लागतो. भाजलेला हात पहिल्या दिवसापासून असा ठेवला असता, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी महागडी शीटही लागत नाही. प्लास्टरची एक पट्टी, भरपूर गॉज आणि ती बांधणाऱ्याला माहीत असलेली एक गोष्ट एवढंच पुरतं.

माझी चूक

सात आठवड्यांनी आलेल्या हाताला मी पहिला स्प्लिंट याच सुरक्षित स्थितीचा केला. शल्यचिकित्सकांनी त्वचा पक्की झाल्याचं सांगून ताण द्यायला परवानगी दिली होती. थर्मोप्लास्टिकची शीट ६५-७० अंशांच्या पाण्यात मिनिटभरात मऊ होते, मग तीन-चार मिनिटं हातात वेळ असतो. मी तळव्याच्या बाजूने साचा घेतला: मनगट २५ अंश मागे, बोटांची मुळं ६० अंश. हात ६० वर जात नव्हता हे मला माहीत होतं. मी स्वतःला सांगितलं की पट्ट्यांनी बोटं हळूहळू खाली ओढली जातील आणि रोज थोडी साच्याला टेकतील.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा स्प्लिंट हातावर दीड सेंटीमीटर पुढे सरकलेला होता. बोटं २५ अंशांवर जशीच्या तशी, साच्यापासून अधांतरी. मधल्या बोटाच्या मुळावरून जाणारा पट्टा उचलला तर त्याखाली, बसवलेल्या त्वचेवर, रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान फोड.

"दुखलं नाही का दादा?"

"न्हाई की. काय बी कळलं न्हाई."

कळणारच नव्हतं. लाल शाईची नोंद माझ्याच वहीत होती. जिथे स्पर्श नाही तिथे दुखणं इशारा देत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर हातांवर काम करताना हीच गोष्ट आयुष्यभर सांगितली: दुखणं नाही तिथे त्वचेचा लालपणा आणि गरमपणा वाचायला शिका. मी दादांना पहिल्या रात्रीसाठी लालपणा तपासायची वेळ दिली नव्हती. वीस मिनिटं घालायचा, काढायचा, लाली वीस-तीस मिनिटांत जाते का पाहायचं, मगच वेळ वाढवायची, हा साधा नियम मी घाईत गाळला.

पण त्याहून मोठी चूक साच्याची होती. हात जिथे पोचावा असं मला वाटत होतं, तिथला साचा मी केला होता. स्प्लिंट हात आज जिथे आहे तिथून सुरू होतो. ऊतक आज जेवढं लांब होतं, त्याच्या अगदी काठावर, हलकी ओढ लागेल तिथे ते धरायचं आणि धरून ठेवायचं, म्हणजे ते वाढतं. जोराने ओढलं तर सूक्ष्म फाटतं, सुजतं, आणि भरताना आणखी आखडतं. फोड भरायला सहा दिवस गेले. ते सहा दिवस त्या हाताला परवडणारे नव्हते.

रबर, तंगूस आणि काटकोन

रात्रीचा स्प्लिंट मी पुन्हा केला, या वेळी मुळं ३० अंशांवर, पट्ट्यांखाली मऊ अस्तर आणि मधल्या बोटाच्या मुळावर पट्टा येणार नाही अशी जागा. अग्रबाहूवरचा भाग कोपरापर्यंतच्या लांबीच्या दोन तृतीयांश ठेवला. आखूड केला तर हाताचं वजन आणि ओढ थोड्याशा जागेवर येते आणि मनगटाजवळची कड रुतते. लांबी दुप्पट केली की त्या टोकाला लागणारं बळ निम्मं होतं. दर आठ-दहा दिवसांनी तोच साचा पाण्यात गरम करून दोन-पाच अंश पुढे न्यायचा, असं ठरलं.

दिवसासाठी ओढणारा स्प्लिंट हवा होता. तो थोडा सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल विचारणारे खूप असतात आणि चुकतातही खूप.

तळव्याच्या बाजूने साचा, त्याला पुढे आलेली तीन मिलिमीटरच्या वेल्डिंगच्या सळीची कमान. चार बोटांच्या पहिल्या पेरांवर मऊ चामड्याचे दोन सेंटीमीटर रुंद झोपाळे. झोपाळ्यापासून मासेमारीची तंगूस, ती कमानीवरून मागे वळून साच्यावरच्या रबराला. आमच्या विभागात स्प्रिंगचा वजनकाटा कायम टांगलेला असतो. रबर बांधायच्या आधी त्याची ओढ मी काट्यावर मोजते. यांच्यासाठी प्रत्येक बोटाला २०० ग्रॅम ठेवली.

२०० ग्रॅम म्हणजे फार नाही असं वाटतं. पण दोन सेंटीमीटर रुंद झोपाळ्याला बोटावर टेकायला साधारण चार चौरस सेंटीमीटर जागा मिळते, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर ५० ग्रॅम. पाऱ्याच्या हिशेबात तो दाब ३७ मिलिमीटरच्या जवळपास येतो, आणि केशवाहिन्यांतला दाब ढोबळमानाने ३२ मानतात. म्हणजे आपण आधीच काठावर आहोत. कुणी झोपाळा सुबक दिसावा म्हणून एक सेंटीमीटरचा केला, तर त्याच २०० ग्रॅमचा दाब दुप्पट होतो आणि बोट पांढरं पडतं. म्हणून झोपाळा रुंद हवा आणि तो पेराच्या आकाराला लागून बसायला हवा. ओढ वाढवण्याआधी जागा वाढवा, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगते.

दुसरी गोष्ट ओढीच्या दिशेची. तंगूस पहिल्या पेराशी काटकोनात असेल, तर सगळीच ओढ सांधा फिरवायला जाते. तीच ४५ अंशांत आली की फिरवायला ७० टक्के उरते, आणि तेवढंच बळ सांधा दाबायला किंवा बोट झोपाळ्यातून सटकवायला लागतं. ३० अंशांत आली तर फिरवायला निम्मंच. आणि खरी गोम अशी की आज काटकोन साधला तरी पुढच्या पंधरवड्यात सांधा दहा अंश वाकला की तो काटकोन राहत नाही. कमान पुन्हा वाकवावी लागते. यांची कमान चार महिन्यांत मी सात वेळा वाकवली. स्प्लिंट देऊन 'सहा आठवड्यांनी या' म्हणणाऱ्यांबद्दल मला म्हणूनच वाईट वाटतं. तिसऱ्या आठवड्यापासून तो स्प्लिंट दुसरंच काहीतरी करत असतो.

दिशेचं आणखी एक अंग आहे. एकेक बोट वेगळं वाकवलं तर त्याचं टोक मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, नौकाकृती हाडाकडे झुकतं. चारही तंगुशी समांतर ओढल्या तर करंगळी आणि अनामिका पिळली जातात. म्हणून कमानीवरच्या आकड्या एकमेकींकडे कलत्या लावल्या. आणि साच्यात तळव्याची आडवी कमान राखली, कारण अनामिका आणि करंगळीमागची हाडं पुढे येऊ शकली नाहीत तर मूठ कधीच भरत नाही, नुसती बोटं दुमडतात.

कॅलेंडर

ओढणारा स्प्लिंट दिवसातून चार वेळा, एकेक तास, असं सांगितलं. पंधरा दिवसांनी मोजलं. तर्जनी ३५, मधलं २५, अनामिका २०, करंगळी १५. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मी पुन्हा ओढ तपासली, काटकोन तपासला. सगळं जागच्या जागी होतं.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "घालत्यात, पर सकाळी धार, मग वैरण, मग कोण न कोण येतंय. हात मोकळा लागतोय की." त्यांच्या घरी दोन म्हशी होत्या, मुलगी सातवीत, आणि उजवा हात अर्धा असला तरी तोच हात. मी चार वेळा एकेक तास हे वेळापत्रक माझ्या विभागाच्या हिशेबाने दिलं होतं.

भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं. मुलीने रोज रात्री त्यावर किती वेळ घातला ते लिहायचं, खरं लिहायचं, कुणी रागावणार नाही. पहिल्या आठवड्याचे आकडे आले: कधी सव्वा तास, कधी दोन, एक दिवस कोरा. त्यावर बसून आम्ही तिघांनी दिवस पुन्हा मांडला. सकाळी काहीच नाही, हात कामाला मोकळा. दुपारी जेवणानंतरची वामकुक्षी, तेव्हा ओढणारा. संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीसमोर, तेव्हा ओढणारा. झोपताना रात्रीचा. बेरीज अकरा तासांच्या पुढे गेली.

फ्लॉवर्स आणि लास्टायो यांनी १९९४ मध्ये आखडलेल्या मधल्या सांध्यांवर साधी पण मार्मिक तुलना केली होती: सहा दिवस ठेवलेल्या प्लास्टरने तीन दिवसांच्या प्लास्टरपेक्षा जास्त कोन मिळाला. सांधा आपल्या शेवटच्या टोकावर एकूण किती वेळ राहिला, यावर फायदा ठरतो. हे मी शिकलेलं होतं, शिकवतही होते, पण तास रुग्णाच्या घरात मोजायचे असतात हे मला त्या कॅलेंडरने शिकवलं. पुढच्या पंधरवड्यात चारही बोटांत ८ ते १० अंश मिळाले. ओढ तीच, २०० ग्रॅम. कमान तीच.

मुलीने काही रकान्यांत तासांपुढे 'बाबा झोपेत काढून ठेवतात' असंही लिहिलं होतं. ते वाचून रात्रीच्या स्प्लिंटची मनगटाजवळची कड तपासली. ती खरंच टोचत होती. बाहेर वळवली, तक्रार थांबली.

अनामिका आणि करंगळी

अनामिकेचा मधला सांधा ४० अंश वाकलेला होता. तिथली पाठीची कातडी वरवरच भाजून आपोआप भरली होती, तेव्हा तिथे प्लास्टरचं नळकांडं वापरलं. कुष्ठरोगाच्या वाकलेल्या बोटांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षं वापरली गेलेली ही पद्धत आहे. ओल्या प्लास्टरची पातळ पट्टी बोटाला नीट लपेटायची, जोर न लावता जेवढं सरळ होतं तेवढं धरायचं, वाळू द्यायचं. चार-पाच दिवसांनी काढायचं, सांधा हलवायचा, पुन्हा नवं. प्लास्टर सगळीकडून सारखं लागतं, त्यामुळे दाब एका ठिकाणी गोळा होत नाही, आणि ते काढून ठेवता येत नाही हा त्याचा मोठा गुण. चार प्लास्टरांत ४० वरून १० अंशांवर आलं. याच काळात पहिल्या पेरावरचा झोपाळा चालूच होता. उलट मधला सांधा प्लास्टरने सरळ धरलेला असल्यामुळे सगळी ओढ मुळाला मिळाली. आपल्या हातून अशी दोन कामं एकमेकांना पूरक होतात तेव्हा फार बरं वाटतं.

करंगळीला मात्र मी प्लास्टर लावलं नाही. तिचा मधला सांधा मी धरून ३० अंशांपर्यंत सरळ करू शकत होते, ते स्वतः मात्र ५० वरच थांबत. तिथे खोल भाजलं होतं. टेबलाच्या कडेवर सांधा काटकोनात वाकवून मधलं पेर वर उचलायला सांगितलं, तर मधल्या पेरात जोर नाही आणि नखाचं पेर मात्र ताठ झालं. म्हणजे सांधा सरळ करणारा मधला स्नायुबंध गेला होता. अशा सांध्याला मूठ वळवण्याच्या नादात वाकवत राहिलं, तर बाजूचे बंध खाली घसरतात आणि बोट कायमचं खुंटीसारखं होतं. म्हणून करंगळीच्या मधल्या सांध्याला छोटी पन्हळ, सतत, सरळ स्थितीत. वाकवण्याचे सगळे प्रयत्न फक्त मुळाला. त्यांना हे पटायला वेळ लागला. तीन बोटं वळवायची आणि चौथं वळवायचं नाही, हे सांगताना मी त्यांच्या डाव्या करंगळीवर पेनाने रेघा काढून दाखवलं.

अंगठ्याचं थोडक्यात: तर्जनी-अंगठ्यामधल्या जागेत इंग्रजी सी अक्षरासारखा तुकडा, रात्री, सहा आठवडे. ती जागा उघडली. व्रणावर सिलिकॉन जेल, दिवसा घट्ट विणीचा हातमोजा, खोबरेल तेलाने मालिश.

पावसाळ्यापर्यंत

मुंबईच्या केईएममध्ये १९५० साली कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण आपल्या देशात सुरू केलं. त्या नावातला 'व्यवसाय' मला नेहमी शब्दशः घ्यावासा वाटतो. एप्रिलमध्ये मी दादांना विचारलं, गुऱ्हाळावर हात नेमका काय काय करतो ते करून दाखवा. त्यांनी काठी घेतली. मळी काढायची झारी धरताना तर्जनी-अंगठा पुढे आणि बाकीची बोटं मागून. पाक ढवळताना दोन्ही हातांची मूठ दांड्यावर, करंगळीचा जोर सगळ्यात जास्त. काहिलीची कडी धरताना आकडीसारखी बोटं, मुळं जवळजवळ सरळ. हे बघितल्यावर कळलं की कडी त्यांना लवकर धरता येईल आणि ढवळायचा दांडा सगळ्यात उशिरा. दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड केला, घरी सरावाला दिला. जाड दांड्यावर मुळं ५०-५५ अंश वाकली तरी पकड बसते.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली मोजणी: एमसीपी वाकणं तर्जनी ७५, मधलं ७०, अनामिका ६५, करंगळी ४५. मधल्या सांध्यांची सरळ होण्यातली कमतरता तर्जनी ५, मधलं १०, अनामिका १०. करंगळी स्वतःहून ३५ वर येते, धरून २०. पकड १८ किलो. हाताच्या पाठीवर एक जागा अजून कडक आहे, मधल्या बोटाच्या मुळाशी, जिथे माझ्या पट्ट्याने फोड आणला होता तिथेच.

करंगळीसाठी शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेचा पर्याय समोर ठेवला आहे. दादा म्हणाले, हंगाम दिवाळीला लागतो, त्याच्या आधी केली तर हंगाम जातो, नंतर केली तर चालेल का? चालेल, व्रण अजून पिकायचाय, वर्ष-सव्वा वर्ष तो बदलत राहतो, असं सांगितलं. रात्रीचा स्प्लिंट तोवर चालू. या वेळी गरम पाण्यात घातला तेव्हा तो ७० अंशांवर बसवला. हात त्यात पट्टा न लावता, आपल्या वजनाने टेकला. मुलीने कॅलेंडरचं जूनचं पान सोबत आणलं होतं. पहिल्या सहा दिवसांचे रकाने भरलेले होते.